ऑटोवर पंप गुणगुणतो, पाणी मात्र बाहेर पडत नाही: फ्लोट स्विच, वायरिंग आणि बोटीची सुरक्षितता

उथळपाणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमची बोट बुडता बुडता राहिली आणि नेमकं कारण अजून हाती लागलेलं नाही. म्हणून हा धागा काढतोय.

बोट साडेआठ मीटरची, फायबरग्लासची, आत डिझेल इंजिन. तळाशी एकच बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी बाहेर टाकणारा), १२ व्होल्टचा, त्यावर ताशी साधारण ४,००० लिटर असं लिहिलेलं. शेजारी फ्लोट स्विच, पाणी वाढलं की उचलला जाऊन पंप चालू करणारा, साधाच. सुकाणूजवळ तीन स्थितींचं बटण: मॅन्युअल, बंद, ऑटो. बोट सोडून जाताना मी ते ऑटोवर ठेवतो आणि मेन बॅटरी स्विच बंद करतो. फ्लोटची वायर मेन स्विचला वगळून थेट बॅटरीवरून येते, त्यामुळे पंपाची वीज तुटत नाही.

त्या दिवशी सकाळी गेलो, फळी उचलली, तर पाणी इंजिनच्या पायांना लागलेलं. आणि पंप चालू! बंद सापडला असता तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं असतं. तो गुणगुणत होता, पाण्यावर बारीक थरथर दिसत होती, पण बाहेर थेंब नाही. घाबरून बटण मॅन्युअलवर टाकलं, तर धो धो पाणी बाहेर. वीस मिनिटांत तळ रिकामा.

तेव्हापासून पंपाची जाळी आणि इम्पेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) साफ केला. नळी काढून फुंकून बघितली, मोकळी आहे. तरीही तेच, म्हणून पंप नवीन बसवला. नवा पंपही ऑटोवर गुणगुणतो आणि मॅन्युअलवर जोरात चालतो. बॅटरी १२.४ व्होल्ट. ५ अँपिअरचा फ्यूज शाबूत. पंपाची वायर सोडवून, फ्लोट हाताने उचलून मीटर लावला, तर तिथेही पूर्ण १२.४. म्हणजे वीज पोचतेय. आता फ्लोट स्विच बदलावा म्हणतोय. शिवाय एकाने सांगितलं की फ्यूज कमी पडत असेल, १० चा टाक. तसं करू का?

कोरडातळ

फ्यूज वाढवू नका. बाकीचं बसबार काका सांगतीलच, पण ते येईपर्यंत फ्यूजला हात लावू नका.

बसबार

उथळपाणी, तुमच्याच पोस्टमध्ये उत्तराचा अर्धा भाग आहे. मॅन्युअलवर जोरात, ऑटोवर मरगळलेला. पंप तोच, नळी तीच, निगेटिव्ह वायरही तीच. फरक एवढाच की ऑटोवर वीज वेगळ्या वाटेने येते: फ्यूज, बटण, सांधा, फ्लोट स्विच. त्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे. तुम्ही बदललेल्या पंपात काही दोष नव्हता, तो जपून ठेवा.

मग मीटरने १२.४ का दाखवले? तुम्ही वायर सोडवून मोजलंत म्हणून. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही, त्याचा आतला रोध १ कोटी ओहमच्या आसपास असतो. सांधा सडून तिथे चार-पाच ओहम रोध तयार झाला असला, तरी एवढ्या किरकोळ करंटला तो जाणवतच नाही. पाण्याच्या नळाचं समजा. पाइप गंजून सुईएवढं भोक राहिलं तरी नळ बंद असताना दाब पूर्ण दिसतो. नळ उघडा, मग कळतं. म्हणून बिल्ज पंपाचं माप नेहमी पंप जोडलेला, चालू आणि पाण्यात बुडालेला असतानाच घ्यायचं.

पंप फिरत असूनही पाणी का चढत नाही, तेही सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. हे पंप केंद्रोत्सारी, म्हणजे फिरणाऱ्या चक्राने पाणी बाहेर फेकणारे. पाणी किती उंच चढवता येईल हे वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. वेग निम्मा झाला की उंची पावपट. पंप पूर्ण वेगाने तीन मीटर चढवत असेल तर निम्म्या वेगाला पाऊण मीटरही मुश्किल. तुमचं बाहेरचं तोंड तळापासून मीटरभर वर असेल तर पाणी नळीत अर्ध्यावर चढून तिथेच उभं राहतं. मोटर रात्रभर पाणी घुसळत बसते आणि बोट भरत जाते.

आता हे करा. तळात बादल्यांनी पाणी ओता, फ्लोट आपोआप उचलला जाऊ द्या. पंप चालू असताना मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन सुया एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावा. फ्यूज होल्डरच्या अलीकडे-पलीकडे, सांध्याच्या अलीकडे-पलीकडे, स्विचच्या दोन वायरींवर, शेवटी पंपाच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. धडधाकट तुकड्यावर जवळपास शून्य यायला हवं. जिथे व्होल्ट दिसतील तिथे ते खाल्ले जातायत. सगळे आकडे इथे लिहा.

नाळेवर

काकांची ही पद्धत मी वहीत लिहून ठेवलीय. मी बोटीवरच राहते, माझ्या दोन पंपांवर वर्षातून दोनदा हे करते. एकदा सवय झाली की पंधरा मिनिटांचं काम.

उथळपाणी, एक विचारू? बोट भरली हे कळलं, पण पाणी येत कुठून होतं?

उथळपाणी

ताई, ते अजून पाहिलं नाही. शाफ्टजवळ, म्हणजे इंजिनपासून बाहेरच्या पंख्याकडे जाणाऱ्या दांड्याजवळ, थोडं ठिबकतं, ते पहिल्यापासूनच. पंप काढून टाकतो म्हणून कधी लक्ष दिलं नाही.

काका, आज पाणी ओतून मोजलं. बॅटरीवर १२.४, पंपाच्या टोकाला ५.४. म्हणजे वाटेत ७ व्होल्ट गायब! फ्यूज होल्डरवर ०.३, निगेटिव्ह वाटेत ०.१, फ्लोट स्विचच्या दोन वायरींमध्ये १.६ आणि तळातल्या सांध्यावर ५.०. करंट १.५ अँपिअर. मॅन्युअलवर हाच पंप ४ घेतो.

सांधा उघडला. वर काळी चिकटपट्टी, खाली साधा चिमटलेला जोड. आतलं तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी आणि दोन-तीन तारा. प्लास्टिकची नळकांडी तपकिरी पडलेली. मग फ्लोटच्या वायरचं आवरण सोलत गेलो, तर वीतभर आतपर्यंत तांबं काळंकुट्ट.

बसबार

सापडलं. हे आकडे नीट बघा, त्यात तीन गोष्टी आहेत.

करंट ४ वरून १.५ वर आला, वाढला नाही. म्हणजे तुमचा ५ चा फ्यूज सात जन्मांत उडाला नसता. फ्यूज जास्त करंटपासून वाचवतो, खराब सांध्यापासून नाही. १० चा टाकून काहीही सुधारलं नसतं, फक्त पुढच्या एखाद्या बिघाडात संरक्षण कमी झालं असतं.

दुसरं, ५ व्होल्ट गुणिले १.५ अँपिअर म्हणजे साडेसात वॉट, नखाएवढ्या सांध्यात, रात्रभर. म्हणून नळकांडी तपकिरी. पाण्यात बुडालेला होता म्हणून गार राहिला. हाच सांधा कोरड्यात, तेलकट फळीला टेकून असता तर मी काळजीत पडलो असतो.

तिसरं, काळी पडलेली वायर. बहुपदरी तारेत पाणी वातीसारखं चढतं. सांधा ओला झाला की खारं पाणी तारांमधल्या फटींतून आवरणाच्या आतून सरकत जातं, थेट स्विचच्या पोटापर्यंत. तुमच्या स्विचवर १.६ व्होल्ट पडतायत ते त्यामुळेच असणार. स्विचही गेलाच समजा, बदला. पण जुन्या जागी नवा स्विच जोडून तसाच सांधा पुन्हा तळात ठेवलात तर दोन हंगामांत इथेच परत याल.

नवीन करताना तार कल्हई केलेल्या तांब्याची घ्या, म्हणजे प्रत्येक बारीक तारेवर कथिलाचा मुलामा असलेली. सांधा योग्य चिमट्याने दाबलेला आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी. नळीच्या दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर दिसला पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सांधा तळात नकोच. स्विचच्या वायरी अखंड वर न्या, पाणी जास्तीत जास्त जिथवर चढेल त्याच्याही वर, आणि तिथे जोडा. सांध्याच्या आधी वायरला खाली एक झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलावरून खाली पडेल, सांध्यात शिरणार नाही.

ओहम

काकांना अनुमोदन. तारेच्या जाडीबद्दल थोडं, कारण नवीन वायर ओढायचीच आहे.

बॅटरी ते पंप जाऊन-येऊन समजा १४ मीटर. तांब्याचा रोध मीटरला ०.०१७५ भागिले चौरस मिलिमीटर धरायचा. २.५ चौ. मिमी तार घेतली तर जवळपास ०.१ ओहम. ४ अँपिअरला ०.४ व्होल्ट जातात, म्हणजे तीन टक्क्यांहून किंचित जास्त. पुढे मोठा, ८ अँपिअरचा पंप घालायचा झाला तर त्याच तारेत पाऊण व्होल्टहून जास्त जाईल. ६ चौ. मिमी घेतली तर ८ अँपिअरलाही एक तृतीयांश व्होल्टच. जीव वाचवणाऱ्या उपकरणाला तीन टक्क्यांच्या आत ठेवा, १२ व्होल्टवर म्हणजे ०.३६. फ्यूज होल्डरवर ०.३ पडतायत तेही खूप आहेत, तो होल्डरही बदलाच.

फ्यूज मोठा का नको, त्याचं खरं कारण: चालत्या मोटरमध्ये उलट दिशेचा व्होल्टेज तयार होतो, तोच करंटला आवर घालतो. इम्पेलरमध्ये दोरी किंवा प्लास्टिक अडकून मोटर थांबली की तो व्होल्टेज नाहीसा होतो आणि करंट अनेक पट चढतो. पंप बनवणाऱ्याने दिलेला फ्यूज त्या क्षणी उडावा अशा हिशोबाने ठरवलेला असतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट टाकला तर अडकलेली मोटर आणि तिची बारीक वायर तापत राहते, फ्यूज निवांत. बोटीच्या तळात आग लागते ती अशी.

कोरडातळ

मी बोटींची तपासणी करतो. ओहम यांनी लिहिलंय ते डोळ्यांनी पाहिलंय: पंपाचं प्लास्टिक वितळून इम्पेलरला चिकटलेलं, वायरचं आवरण फुगलेलं, आणि होल्डरमध्ये पंपाच्या चौपट क्षमतेचा फ्यूज. मालकाचा हेतू चांगलाच होता, सारखा फ्यूज उडतो म्हणून त्याने मोठा टाकला. सारखा उडणारा फ्यूज काहीतरी सांगत असतो, त्याचं ऐका.

दोनवल्ही

मी नवीन आहे. माझी छोटी पेट्रोल बोट आहे, आतच इंजिन. सध्या पंप हातानेच चालू करतो. घरच्या पाण्याच्या टाकीला असतो तसला फ्लोट स्विच पडून आहे, १० अँपिअर लिहिलंय त्यावर. पंप ३ अँपिअरचा. चालेल ना?

बसबार

नाही, कृपया लावू नका. दोन कारणं आहेत आणि दुसरं जिवाशी खेळणारं आहे.

तो १० अँपिअर एसीचा आहे. ५० हर्ट्‌झच्या एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे संपर्क उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत शून्य येतच नाही. त्यात मोटरचं वेटोळं करंट तुटू द्यायला तयार नसतं. ठिणगी ताणली जाते, संपर्क जळतात, कधी एकमेकांना चिकटून जातात. चिकटले की पंप बंदच होत नाही. ४ अँपिअरचा पंप, १०० अँपिअर-तासाची बॅटरी, त्यातली निम्मी वापरायची म्हटली तर साडेबारा तासांत बॅटरी संपली. त्यानंतर पाणी आलं तर उपसायला कोणी नाही. स्विच घेताना त्यावर डीसीचा आकडा बघायचा, आणि तो पंपाच्या करंटपेक्षा भरपूर जास्त असायला हवा.

दुसरं, तुमची बोट पेट्रोलची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून तळात साचते. हवेत दीड टक्का मिसळली तरी पेट घेण्याइतकी पुरते. त्या तळात तुम्ही ठिणगी पाडणारा स्विच ठेवायला निघाला आहात. पेट्रोल बोटीच्या तळातलं प्रत्येक विजेचं उपकरण प्रज्वलनरोधक असलंच पाहिजे, म्हणजे आत ठिणगी पडली तरी बाहेरची वाफ पेटू नये असं बनवलेलं. त्यासाठी आयएसओ ८८४६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. स्विचवर किंवा त्याच्या कागदावर तसा उल्लेख नसेल तर घेऊ नका. आणि इंजिन सुरू करण्याआधी तळाचा ब्लोअर (तळातली हवा बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालवा, फळी उचलून नाकाने वास घ्या. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, पंपाचंसुद्धा नाही.

दोनवल्ही

धन्यवाद काका. तो स्विच बाजूला ठेवला. ब्लोअर आहे पण मी तो कधी तपासला नव्हता. आज चालवून बघतो, आधी वास घेऊन.

नाळेवर

बोटीवर स्वयंपाकाचा गॅस असेल तर तोही जड असतो, तोही तळातच जाऊन बसतो. डिझेलवाल्यांनो, तुम्हालाही हे लागू आहे.

तळातल्या सांध्याबद्दल आणखी एक सांगायचंय. फ्लोटची वायर बॅटरीला थेट जोडलेली असते, म्हणजे ती दिवसरात्र जिवंत असते. तिचा सांधा उघडा पडून पाण्यात बुडाला की तिथून करंट पाण्यात झिरपतो आणि जवळच्या धातूवाटे वाट काढतो. माझ्या आधीच्या बोटीचा पाण्याखालचा एक पितळी व्हॉल्व्ह एका हंगामात गुलाबीसर पडला. पितळेतलं जस्त निघून गेलं होतं, स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर धातू भुसभुशीत. कारण होतं ते असाच एक सांधा, व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर. पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या वायरनेच पाणी आत यायची सोय करून ठेवली होती. तो व्हॉल्व्ह माझ्या हाताखाली मोडला असता तर काय झालं असतं, हा विचार अजूनही मनातून जात नाही.

तपासायचं असं: फ्लोट खाली, पंप बंद, आणि त्या वायरच्या फ्यूजच्या जागी मीटर मिलिअँपिअरवर. साध्या यांत्रिक स्विचला आकडा शून्य यायला हवा. काही दिसलं तर वायर कुठेतरी पाण्यात गळतेय.

ओहम

ताई, इलेक्ट्रॉनिक स्विच असेल तर काही मिलिअँपिअर दिसणारच, तो स्वतः तेवढे खातो. बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्याशी ताडून बघायचं.

आणि उथळपाणी, नवा स्विच घेतच आहात तर इलेक्ट्रॉनिकचा विचार करा. हलणारा भाग नाही, त्यामुळे फ्लोटखाली लाकडाचा तुकडा किंवा चिंधी अडकण्याचा प्रश्न नाही. बऱ्याच स्विचांना काही सेकंदांचा विलंबही असतो, त्यामुळे बोट डोलल्यावर पाणी इकडून तिकडे गेलं की लगेच चालू-बंद होत नाही.

नाळेवर

माझा अनुभव उलटा आहे, ओहम. माझ्याकडे धारितेवरून, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतल्या फरकावरून, पाणी ओळखणारा स्विच होता. इंजिनखालच्या तेलकट गाळाचा थर त्याच्यावर बसला आणि तळ कोरडा झाला तरी त्याला पाणीच दिसत राहिलं. पंप कोरडा चालून बॅटरी संपली. फ्लोट असता तर मी बोटाने उचलून, खाली सोडून बघितला असता.

बसबार

दोघांचंही बरोबर आहे, प्रश्न तळ कसा आहे याचा. इंजिनखाली, जिथे तेल आणि गाळ असतो, तिथे मी फ्लोट किंवा हवेच्या दाबावर चालणारा स्विच लावतो. दाबाच्या प्रकारात तळात फक्त एक उपडी घंटा आणि बारीक नळी असते. पाणी चढलं की घंटेतली हवा दाबली जाते आणि वर, कोरड्यात बसवलेला संपर्क जुळतो. वीज तळात उतरतच नाही. मात्र नळीला चीर गेली की तो गप्प बसतो. स्वच्छ, खोल आणि अरुंद तळात इलेक्ट्रॉनिक उत्तम. फ्लोट लावला तर त्यावर जाळीचं झाकण हवंच, आणि त्याची बिजागरी नाळेकडे (बोटीच्या पुढच्या टोकाकडे) ठेवा, म्हणजे पुढे धावताना पाण्याचा लोंढा फ्लोटला उलटवणार नाही.

कुठल्याही जुन्या बोटीवर पारा असलेला फ्लोट निघाला तर तो फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका.

कोरडातळ

स्विचची चर्चा चांगली चाललीय, पण एक हिशोब मांडतो. तो मी प्रत्येक मालकाला देतो.

पाण्याच्या पातळीखाली ३० सेंटिमीटरवर ३८ मिलिमीटरची नळी निसटली, तर मिनिटाला साधारण १०० लिटर आत येतं. ताशी ६,०००. भोक ५ सेंटिमीटरचं आणि ६० सेंटिमीटर खोल असेल तर मिनिटाला २४० च्या आसपास. उथळपाणींच्या पंपावर ४,००० लिहिलंय, पण तो आकडा नळी नसताना, उंची नसताना आणि पूर्ण व्होल्टेजवर मोजलेला असतो. मीटरभर उंची, आतून वळ्या असलेली नळी, दोन कोपरे, एवढ्यात तो खूप खाली येतो.

म्हणजे हा पंप पाऊस, ठिबक आणि शिंतोडे यांच्यासाठी आहे. नळी निसटली तर तो फक्त थोडा वेळ मिळवून देईल, आणि त्या वेळात कोणाला तरी कळलं पाहिजे. म्हणून वरच्या पातळीवर दुसरा फ्लोट, वेगळ्या फ्यूजवर, पंपाला नव्हे तर भोंग्याला जोडलेला. इंजिनच्या आवाजातही ऐकू येईल असा. शक्य असेल तर तिथेच, थोडा वर, दुसरा मोठा पंप. सोबत हाताने चालवायचा पंप, आणि प्रत्येक व्हॉल्व्हला दोरीने बांधलेलं मऊ लाकडाचं निमुळतं बूच. वीज गेली तरी बूच काम करतं.

दोनवल्ही

बाहेर गेलेलं नळीतलं पाणी परत येऊ नये म्हणून एकदिशा व्हॉल्व्ह टाकायचा का? माझा पंप बंद होतो, मग थोड्या वेळाने परत चालू, परत बंद.

बसबार

नळीतलं पाणी उतरतं, फ्लोट उचलतं, पंप तेच पाणी पुन्हा ढकलतो. आधी नळी लहान आणि सरळ करा, आतून गुळगुळीत घ्या, किंवा चालू-बंदच्या पातळ्यांत जास्त अंतर असलेला स्विच लावा. एकदिशा व्हॉल्व्हमध्ये केसाएवढा कचरा अडकला तरी तो एक तर उघडा राहतो नाही तर बंद. बंद राहिला तर उथळपाणींची रात्र तुमच्या वाट्याला येईल. आणि बाहेरचं तोंड पाण्याखाली जात असेल तर समुद्र उलटा आत खेचला जाऊ नये म्हणून त्या व्हॉल्व्हवर अजिबात विसंबू नका. त्यासाठी नळीला पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर उलटा वाक आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारं छिद्र लागतं.

उथळपाणी

मंडळी, कळवायला उशीर झाला, पण काम पूर्ण करूनच लिहायचं ठरवलं होतं.

नवीन वायर, नवीन फ्यूज होल्डर (फ्यूज ५ चाच), नवीन फ्लोट जाळीसकट. सगळे सांधे इंजिनच्या माथ्यापेक्षा वर. पाणी ओतून ऑटोवर मोजलं: बॅटरीवर १२.५, पंपावर १२.१. बाहेरच्या तोंडाला बादली धरली, १० लिटर भरायला १५ सेकंद. ताशी २,४०० झाले, ४,००० नाहीत, कोरडातळ म्हणाले तसंच. मॅन्युअलवरही तेच १५ सेकंद. भोंगा वेगळ्या फ्लोटवर बसवला.

स्विचबरोबर पंप किती वेळा चालला ते मोजणारा छोटा काउंटरही लावला. पहिल्या सकाळी त्यावर ३१ होते. एका रात्रीत, पाऊस नसताना.

नाळेवर

३१? उथळपाणी, बोट पुन्हा तशी सोडून जाऊ नका. आजच शाफ्टजवळ टॉर्च आणि आरसा घेऊन बघा. रबरी नळीच्या खालच्या बाजूला.

कोरडातळ

आणि बघताना त्या नळीला ओढू-पिळू नका. बूच हाताशी ठेवा.

उथळपाणी

बघितलं. ताई, हात अजून थरथरतोय.

शाफ्टच्या ग्लँडला (शाफ्टभोवती पाणी अडवणाऱ्या भागाला) बोटीच्या पाइपशी जोडणारी जी जाड रबरी नळी असते, तिचा खालच्या बाजूचा क्लॅम्प गंजून तुटला होता. वरून अखंड दिसत होता, आरशातच कळलं. नळी फक्त घट्टपणावर बसली होती आणि कडेतून बारीक पण अखंड धार येत होती. पहिल्यापासूनचं ठिबकणं म्हणून मी ज्याकडे बघितलं नाही ते हे. पंप रोज रात्री ते काढत होता आणि मला सकाळी तळ कोरडा दिसत होता. किती दिवस, मला सांगता येत नाही.

बोट त्याच दिवशी जमिनीवर घेतली. नळी नवीन, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प, चांगल्या प्रतीच्या स्टेनलेसचे. ग्लँडमधली दोरीही नवीन भरली. काल पाण्यात सोडली.

बसबार

उत्तम केलंत. ग्लँड फार आवळू नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडायला हवेत, तेच त्याला गार ठेवतात. तासभर चालवून ग्लँडला हात लावून बघा, फिरत्या शाफ्टपासून बोटं दूर ठेवून.

उथळपाणी

काका, तासभर चालवली, इंजिन बंद करून हात लावला. ग्लँड कोमट आहे, हात ठेवता येतो. चालताना मिनिटाला चार-पाच थेंब, उभी असताना कोरडी. काउंटर तीन रात्रींनंतर २ वर आहे, आणि त्यातल्या एका रात्री जोराचा पाऊस होता.

नाळेवर

काउंटरचा आकडा रोज वहीत लिहा. मीही आजपासून लिहिते.